चीनवालीचं सुतक

खरं सांगा, एखाद्या बाईने लिहिलेलं तुम्ही शेवटचं काय वाचलं? लोणच्याची कृती धरायची नाही. जात्यावरची ओवीही नाही. ती तुम्ही वाचलेली नाही, झोपेत ऐकलेली आहे. संतांमधल्या बायकाही जरा बाजूला ठेवा, कारण त्यांच्यापुढे तुम्ही हात जोडता, पुस्तक उघडत नाही. आता सांगा.

हा प्रश्न मला बुऱ्हाणपुरात, राजपुऱ्यातल्या मुलींच्या शाळेत, नोकरीच्या पहिल्याच सकाळी एका ज्येष्ठ शिक्षिकेने विचारला. नाव नाही, गाव नाही, 'चहा घेणार का' नाही. थेट हाच प्रश्न. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मग इथवर काय वाचून आलीस?"

"पत्रकं," मी म्हणाले. खोटं नव्हतं. माझे वडील चळवळीतले. आमच्या घरी पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती आणि मला अक्षरओळखही त्यांच्यावरच झाली.

"पत्रकांत बायका असतात?"

"असतात की! 'बंधूंनो आणि भगिनींनो' अशीच सुरुवात असते."

"बंधू आधी?"

"हो."

"म्हणजे पंगतीसारखंच," त्या म्हणाल्या, आणि घंटा झाली म्हणून वर्गावर निघून गेल्या.

शाळेत बाकीच्याही शिक्षिका होत्या, पण गावाला 'बाई' एवढं म्हटलं की याच कळायच्या. उंच, काटकुळ्या, पायात पुरुषी वहाणा. बायकांच्या चपला बसून राहणाऱ्या माणसासाठी केलेल्या असतात, असं त्यांचं मत होतं. त्यांचं लग्न झालं होतं की नव्हतं हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच तर त्या म्हणायच्या, "आठवत नाही."

त्यांचा हजेरीचा तास दाराबाहेर उभं राहून ऐकावा असा असे. मुलींची नावं संपली की बाई त्याच सुरात पुढे चालू ठेवायच्या. "इराणवाली? गैरहजर. घरी काम असेल. यूनानवाली? गैरहजर. धाकटा भाऊ रडत असेल. जपानवाली? गैरहजर. बघायला येणार असतील." मग जरा थांबून, चष्म्यावरून बघत, "चीनवाली?"

"हजर!" अख्खा वर्ग ओरडायचा.

हे 'वाली' प्रकरण सांगितलं पाहिजे. आमच्या त्या भागात सुनेला सासरी नावाने हाक मारत नाहीत. ती ज्या गावाहून आली त्या गावावरून मारतात. देडतलाईहून आली ती देडतलाईवाली, जसोंडीची ती जसोंडीवाली. बाईंनी ही रीत जगभरच्या कवयित्रींना आणि लेखिकांना लावली होती. जुन्या मासिकांतून, फाटक्या ग्रंथांतून, कुणाच्या तरी चरित्राच्या तळटीपांतून त्यांनी या बायका जमवल्या होत्या. त्यांची नावं उच्चारताना बाईंची जीभ वळायची नाही. "वाकड्या नावाने हाक मारण्यापेक्षा माहेराच्या नावाने मारावी," त्या म्हणायच्या. "निदान ओ तरी देईल."

मी तेव्हा नवीन होते, आणि माझ्याकडे प्रत्येक गोष्टीवर एक ठराव तयार असे. मी म्हणाले, "बाई, ही रीत बायकांची ओळख पुसते. तुम्ही तरी ती पाळू नये."

"पुसते ना. बरोबर बोललीस. आपल्या शाळेत टपाल घेऊन येतो त्याच्या बायकोचं नाव काय?"

"मला कसं ठाऊक असेल?"

"ते विचारून ये. मग मला चीनच्या बाईचं नाव शिकव."

गावातल्या लोकांना वाटे की या सगळ्या बाईंच्या नात्यातल्या आहेत. वहिन्या, चुलत जावा, असं काहीतरी. दूधवाला मापातून दूध ओतता ओतता विचारायचा, "काय वो बाई, इराणवाली येणार व्हती ना दिवाळीले?" बाई शांतपणे सांगायच्या, "वाट पाहतेय. रस्ता लांबचा आहे."

आणि नातं म्हटलं की सुतक आलंच. मृत्यूची बातमी उशिरा कळली तरी ऐकल्यावर अंगावरच्या कपड्यांनिशी स्नान करावं लागतं, हे तुम्हाला माहीत असेल. बाई ते कसोशीने पाळायच्या. वाचता वाचता एखादी लेखिका मेली, मग ती हजार वर्षांपूर्वी का मेलेली असेना, की त्या पुस्तक मिटायच्या, नळावर जायच्या, डोक्यावरून तांब्या ओतून घ्यायच्या आणि निथळत परत येऊन पुढचं पान उघडायच्या. एका थंडीत त्यांनी जगातल्या साहित्याच्या इतिहासाचा एक जाडजूड ग्रंथ वाचायला घेतला. त्यात दर दोन पानांआड कुणीतरी मरत होतं. पुरुष मेले तर प्रश्न नव्हता, पण बायकाही अधूनमधून मरत होत्या. बाईंना असं पडसं झालं की वैद्यांनी तो ग्रंथ जप्त केला.

"मरतात त्यांचं एक वेळ ठीक," बाई नाक पुसत म्हणाल्या. "पण त्या ग्रंथात काही बायका नुसत्याच नाहीशा होतात. लग्न झालं, इथवर लिहिलंय, आणि पुढे काही नाही. त्यांच्यासाठी स्नान करायचं की नाही, शास्त्रात कुठेच सापडत नाही."

ते प्रांतांच्या फेररचनेचं वर्ष होतं. देशाचे तुकडे सांधून, पुन्हा कापून, नव्याने सांधणं चाललं होतं. आमच्या गावात मराठीही होती, हिंदीही होती, आणि पानाच्या ठेल्यावर रोज वाद रंगे: आपण मुंबईकडे जाणार की भोपाळकडे? लोक नकाशे घेऊन फिरत. बाईंकडेही नकाशा होता. जगाचा. त्यावर जिथे जिथे एखादी बाई लिहीत होती तिथे तिथे त्यांनी कुंकवाचं बोट टेकवलं होतं. बुऱ्हाणपूर कुठे जाणार असं विचारलं की त्या म्हणत, "बुऱ्हाणपूर कुठे का जाईना. मागची खोली कुणाच्या राज्यात जाते ते आधी सांगा."

ही मागची खोली म्हणजे गावातल्या मराठी वाचनालयाचा महिला कक्ष. पुढे पुरुषांचं वर्तमानपत्रांचं दालन, मध्ये अंगण आणि नळ, आणि मागे ही खोली. एक कपाट, काही खुर्च्या, एकच झरोका. कुणा उदार माणसाने कधीकाळी ती बायकांसाठी बांधून दिली होती आणि नियमात एक कलम घालून ठेवलं होतं: वार्षिक सभेला महिला कक्षाच्या किमान सात सभासद हजर नसतील तर कक्ष बंद करून जागा समितीने वापरावी.

नावाला सभासद पुष्कळ होत्या. पुरुषांनी बायकोच्या नावाने वर्गणी भरली होती, कारण तसं केलं की घरी एकदम दोन रहस्यकथा नेता येत. त्या बायकांनी मात्र वाचनालयाचं दारही पाहिलेलं नव्हतं. रोज संध्याकाळी त्या खोलीत बाई बसत आणि शाळेतल्या चार-दोन मोठ्या मुली, पण मुली सभासदांत धरत नसत. लग्न ठरलेल्या मुली तिथे जरा जास्त वेळ बसत. त्यांच्याकडे बघितलं की मला कळायचं, ही खोली गेली तर या पोरींना छपराखाली बसून वाचायला दुसरी जागा या गावात नाही.

यंदा समितीच्या अध्यक्षांना ती खोली हवी होती. अध्यक्ष केळीचे मोठे व्यापारी. सगळे त्यांना शेठजी म्हणत. कच्ची केळी पिकवायला बंद, उबदार, कमी उजेडाची खोली लागते. धुरी देऊन दार लावून घ्यायचं असतं. शेठजी एकदा सहज म्हणून महिला कक्षात आले, भिंतीला हात लावून पाहिला, झरोका पाहिला, आणि असे काही हरखले की जणू खोली बांधणाऱ्याने केळीचाच विचार केला होता.

"बाई, इथं तसंबी कोणी येत नाही," ते म्हणाले. "खोली वाया चालली हाय."

"देऊळ दुपारी रिकामं असतं," बाई म्हणाल्या. "तिथे ठेवा केळी."

सभा आठवड्यावर आली. मी पत्रक काढलं. मथळा होता 'भगिनींनो, जाग्या व्हा!' बंधू मुद्दाम वगळले होते. दारोदार जाऊन वाटलं. भगिनी जाग्याच होत्या. पहाटेपासून जाग्या होत्या, म्हणून तर त्यांना वेळ नव्हता. एक म्हणाली सासूला विचारते. एक म्हणाली ते नाही म्हणतील. एक म्हणाली मी येईन, पण कशासाठी बाहेर चालले म्हणून सांगू? दोन दिवसांनी माझ्या पत्रकात गुंडाळलेली माव्याची जिलबी माझ्याच घरी आली.

बाईंनी पत्रक काढलं नाही. त्या वाण्याकडे गेल्या आणि पूजेच्या पाच सुपाऱ्या घेऊन आल्या. निवडायला त्यांना बराच वेळ लागला. वाणी वैतागला तेव्हा म्हणाल्या, "चेहरा बघतेय."

सभेच्या दिवशी दालनात पुरुष दाटीवाटीने बसले होते. पुढची रांग पाहुण्यांसाठी आणि महिला सभासदांसाठी राखलेली. महिला दोनच, बाई आणि मी. बाईंनी पिशवीतून तांदूळ काढले, पाच खुर्च्यांवर पाच मुठी ठेवल्या, आणि प्रत्येक मुठीवर एकेक सुपारी बसवली. बसवताना थोडं कुंकू लावलं. चीनवालीला पहिली खुर्ची मिळाली.

चिटणीस उठले. ते गावात पूजाअर्चाही सांगत, म्हणून त्यांना गुरुजी म्हणत. "बाई, हे काय?"

"सभासद. दोन वर्षं यांची वर्गणी भरतेय. पावत्यांवर सही तुमचीच आहे. यांच्या नावाने पुस्तकंही नेते. तुम्ही बायकोच्या नावाने नेता तशी."

"पण या सुपाऱ्या आहेत!"

"गुरुजी, मागच्या महिन्यात शेठजींच्या नव्या वखारीची वास्तुशांत तुम्हीच केलीत ना?"

"केली."

"शेठाणी कुठे होत्या?"

"जसोंडीला. माहेरी."

"मग शेठजींच्या शेजारी पाटावर कोण होतं?"

गुरुजींनी शेठजींकडे पाहिलं. शेठजींनी छताकडे पाहिलं.

"कोण होतं?"

"सुपारी," गुरुजी म्हणाले. "पत्नी हजर नसेल तर चालते. रीतच आहे तशी."

"चालली ना? वास्तू शांत झाली ना?"

"झाली."

"मग या सभेचं असं काय मोठं सोवळं लागून गेलंय?"

सभेत खसखस पिकली. शेठजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. सुपारी चालत नाही म्हणावं तर वखारीची पूजा खोटी ठरते आणि खोट्या पूजेच्या वखारीत केळी सडतात. चालते म्हणावं तर खोली जाते. त्यांनी वखार मोठी की खोली मोठी याचा मनात हिशेब केला आणि पडेल आवाजात म्हणाले, "लिहा गुरुजी. सात हजर."

मी टाळी वाजवली. आपल्या चळवळीत असा डाव कुणाला का सुचला नाही, या विचारात मी होते. एवढ्यात प्रमुख पाहुणे आले.

पाहुणे नव्या राजवटीतले एक साहेब. नुकतेच बदलून आले होते. गाव नवं, भाषा नवी. स्वभावाने अगदी लाघवी. उशीर झाल्याबद्दल त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि पुढच्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीपाशी आले. तिथे तांदळावर कुंकू लावलेली सुपारी पाहून त्यांना भरून आलं.

"अरे वाह! क्या बात है. बुरहानपुर की मेहमाननवाज़ी तो सुनी थी..."

असं म्हणत त्यांनी सुपारी उचलली, कुंकू रुमालाने पुसलं, खिशातून आपला चांदीचा अडकित्ता काढला, आणि कुणाला काही सुचायच्या आत दालनात 'कट्' असा आवाज झाला.

चीनवालीचे दोन झाले. मग चार. एक तुकडा साहेबांनी तोंडात टाकला आणि हात पुढे करून बाकीचे शेजारच्यांना दिले. पाहुण्याने दिलेली सुपारी नाकारायची नसते. गुरुजींनी एक घेतला. शेठजींनी एक घेतला, आणि चघळता चघळता त्यांच्या लक्षात आलं की आता सात नाहीत, सहा आहेत. त्यांचा चेहरा उजळला.

"कोरम तुटला, बाई."

बाई त्यांच्याकडे वळल्या. "तुमच्या तोंडात काय आहे?"

"सुपारी."

"घटकेपूर्वी तुम्ही तिला हजर लिहून घेतलंत."

शेठजींचा जबडा थांबला. साहेबांसमोर थुंकता येईना, आणि गिळावी तर आपण काय गिळतोय हा प्रश्न. गुरुजींनी तर डोळेच मिटले. ते शुद्ध शाकाहारी.

"क्या हुआ?" साहेबांनी काळजीने विचारलं. "कड़वी है क्या?"

बाई उठल्या, अंगणात गेल्या, नळाखालची भरलेली बादली त्यांनी डोक्यावरून ओतून घेतली आणि तशाच निथळत परत आल्या. "सभा थांबवा," त्या म्हणाल्या. "आमची चीनवाली गेली. मला सुतक आहे." आणि मागच्या खोलीत जाऊन जमिनीवर बसल्या.

साहेबांना मराठी अर्धवट कळत होती. 'गेली' आणि 'सुतक' एवढं त्यांना पुरेसं होतं. त्यांनी टोपी काढली. "बड़ा अफ़सोस हुआ," ते शेठजींना म्हणाले. "ऐसे में सभा कैसे होगी? तेरवीं के बाद रखिए." नवा अधिकारी बोलला म्हणजे हुकूमच. गुरुजींनी तोंडातला तुकडा एका गालातून दुसऱ्या गालात ढकलत तसं लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी मी बाईंशी कडाडून भांडले. "तुम्ही अंधश्रद्धेला खतपाणी घालताय! सुतक म्हणे. विटाळ म्हणे. याच गोष्टींनी बायकांना घरात कोंडलं, आणि तुम्ही शिकल्यासवरलेल्या बाई..."

"तू किती घरांत गेली होतीस पत्रक घेऊन?"

"सगळ्या!"

"किती जणी आल्या?"

मी उठून दाराकडे निघाले.

"बस जरा," बाई म्हणाल्या. "केस वाळू दे माझे."

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिल्या दोघी आल्या. डोक्यावरून पदर, चेहरे पडलेले. दूधवाल्याने गावभर सांगितलं होतं, बाईंची चीनवाली गेली, भर सभेत गेली. आमच्याकडे कुणाच्या घरी कुणी गेलं की भेटायला जातात, त्याला 'दारावर जाणं' म्हणतात. बाजाराला जाऊ नको म्हणता येतं, वाचनालयात जाऊ नको म्हणता येतं, माहेरी जाऊ नकोसुद्धा म्हणता येतं. पण दारावर जाऊ नको असं सुनेला म्हणणारी सासू अजून जन्माला यायची आहे. चौघांत तोंड दाखवायला जागा राहत नाही. आणि चीनवाली गेली ती वाचनालयात, बाई बसल्या त्याही वाचनालयात, तेव्हा दार तेच.

बायका येऊ लागल्या. घोळक्याने येऊ लागल्या. जमिनीवर बसायच्या, बाईंचा हात हातात घ्यायच्या, आणि रीतीप्रमाणे विचारायच्या, "कशी व्हती वो?"

आणि बाई सांगायच्या. "भावंडांत मोठी. भाऊ तिघे. घरात कागद यायचा तो भावांसाठी, हिला कागद मिळायचा नाही. मग ही पंख्यांवर लिहायची. हातपंखे असतात ना, त्यांच्यावर. बारीक अक्षरात कविता. भावांनी आयुष्यभर तिच्या कवितांचा वारा घेतला. एकानेही पंखा थांबवून वाचला नाही."

एक म्हातारी पदराला डोळे पुसत म्हणाली, "कोणी बहीण नव्हती का तिले? बहिणीनं वाचला असता."

"होती. तिला अक्षर येत नव्हतं."

खोलीत रडू फुटलं. मी दारात उभी होते. मला सांगायचं होतं की अहो, ही तुमची कुणी नाही, ती केव्हाची, कुठली, खरी किती आणि बाईंनी रचलेली किती, देव जाणे. पण त्या रडत होत्या ते खोटं नव्हतं. म्हातारीने विचारलं, "मंग ते पंखे हायेत का कुठं?" बाईंनी कपाटातून एक पुस्तक काढलं आणि वाचायला सुरुवात केली. ते चीनवालीचं नव्हतं, दुसऱ्याच कुणा बाईचं होतं. कुणी काही विचारलं नाही.

सुतकात दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा भेटायला जायला हरकत नसते. उलट तेच बरं दिसतं. काही जणी रोज येऊ लागल्या. इराणवालीची चौकशी झाली, जपानवाली कशी आहे, तिला कळवलं का, असं विचारून झालं. ज्यांना वाचता येत होतं त्या वाचून दाखवू लागल्या. पोस्टमनची बायकोही आली होती. तिचं नाव मी विचारून घेतलं.

एके दुपारी एक ठसठशीत बाई आत आली. सोन्याने मढलेली, दम लागलेला. शेठजींची बायको, जसोंडीवाली. सगळ्या जरा सावरून बसल्या.

"मले सांगा बाई," ती बसता बसता म्हणाली, "वखारीच्या पूजेले माह्या जागी सुपारी ठेवली व्हती, हे खरं हाय?"

"खरं आहे."

"अन् मले माहेरी काहून धाडलं? तं म्हणे तुह्यी तब्येत बरी नाही. मी चांगली दणदणीत व्हती! वखार माह्या नावानं व्हणार व्हती, अन् पूजेले सुपारी." तिने आजूबाजूला पाहिलं. "तिले कुठं बसवलं व्हतं तुमच्या चीनवालीले?"

"पुढच्या रांगेत. पहिल्या खुर्चीवर."

"हं," जसोंडीवाली म्हणाली. त्या दिवशीचं वाचन तिने हनुवटीवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकलं.

तेराव्यानंतर सभा भरली. शेठजी इतके निर्धास्त होते की कच्च्या केळीच्या दोन गाड्या त्यांनी आधीच वाचनालयाच्या दाराशी आणून लावल्या होत्या. सुपाऱ्या आता चालणार नाहीत, हेही त्यांनी गुरुजींकडून वदवून घेतलं होतं. मृताच्या जागी बसवता येत नाही म्हणे. बाईंनी मान हलवली. सुपाऱ्या आणल्याच नव्हत्या.

मग बायका येऊ लागल्या. आज त्या दारावर आल्या नव्हत्या, सभेला आल्या होत्या, पण घरून निघताना काय सांगून निघाल्या ते मी विचारलं नाही. पुढची रांग भरली, दुसरी भरली, पुरुषांना उठून भिंतीशी उभं राहावं लागलं. गुरुजी मोजत होते आणि मोजता मोजता सोडून देत होते. पहिली खुर्ची तेवढी रिकामी होती. शेवटी जसोंडीवाली आली आणि त्या खुर्चीवर बसली.

शेठजी अर्धवट उठले. "अहो... तुम्ही इकडं काहून? घरी कोण हाय?"

"घरी सुपारी ठेवून आली हाय मी," जसोंडीवाली म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "तांदळावर बसवली हाय नीट. आज जेवण तिलेच मागा."

याही सभेला आलेले साहेब एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. त्यांना सगळं कळलं होतं असं नाही. पण पुढच्या रांगेकडे त्यांनी पुन्हा अडकित्ता नेला नाही.

खोली राहिली. केळीचा मात्र प्रश्न आला. माल दारात होता, वखार भरलेली होती, उन्हात माल नासला असता. शेठजींनी नाइलाजाने घड पुरुषांच्या दालनात रचले, खिडक्या बंद केल्या आणि धुरी दिली. आठवडाभर गावातले प्रतिष्ठित पुरुष डोळे चोळत, घडांच्या आडून माना काढत, बुऱ्हाणपूर मुंबईकडे जाणार की भोपाळकडे हे वर्तमानपत्रांत वाचत राहिले. धूर फारच झाला तेव्हा एकाने महिला कक्षाच्या दारात येऊन नम्रपणे विचारलं, "जरा इथं बसू का?"

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "वर्गणी कुणाच्या नावाने भरली आहे?"

"बायकोच्या नावानं हाय ना."

"मग तिला पाठवा."

बाई आता नाहीत. मीही त्या गावात नाही. त्या वाचनालयाचा नियम मात्र अजून तसाच आहे, दर वर्षी सात जणी लागतातच, आणि दर वर्षी कुणा ना कुणाला ती खोली हवी असते. कधी केळीसाठी, कधी कॅरमसाठी, कधी मोडक्या खुर्च्या टाकण्यासाठी. असा नियम तुमच्या गावातही असेल. नसेल तर याचा अर्थ एवढाच की तुमच्याकडची खोली आधीच गेली.

म्हणून माझी मागणी आहे, आणि ती मी बंधूंनाच करतेय. उद्या संध्याकाळी घरातल्या एका बाईला गावच्या वाचनालयात घेऊन जा. बायको, आई, बहीण, सून, जी असेल ती. कक्षाला कुलूप असेल तर किल्ली मागून घ्या. आत काही सामान रचलेलं असेल तर स्वतःच्या हाताने बाहेर काढा. तिला आत बसू द्या. आणि मग कृपा करून दारात उभं राहून "झालं का?" अशी हाक मारू नका. घरी जा.